कुवेतच्या गच्चीवरचा पिवळा टॉवेल

४ नोव्हेंबर

नात झाली! आधी हेच लिहून टाकते, म्हणजे वही पण खूश. काल पहाटे, इथंच बेलवलीच्या दवाखान्यात. नाक आमचं, पसरट. शेजारची भोईर वहिनी म्हणते, "नाक काय बघतेस गो, झोपंत हसते कशी ती बघ." डोळे सुनेचे.

सून फिलिपिन्सची. मारीसेल. बिल्डिंगीत सगळे मेरी म्हणतात, मी मारी म्हणते. दुबईला माझा प्रशांत आणि ती एकाच हॉटेलच्या लाँड्रीत होते, तिथंच जमलं. तो अजून तिथंच आहे. (पुढे नुसतं प्र. लिहीन, बोटं दुखतात.) पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण हिचं माहेर समुद्रापलीकडे आणि आई दम्याची. म्हटलं, मग मीच माहेर.

९ नोव्हें.

शेक, शेगडी, ओव्याची धुरी. मारी खोकते आणि हसते. "आई, मैं मच्छी है क्या? सुखा रही हो!" डिंकाचा लाडू अर्धाच खाते, उरलेला मी. माझंच वजन वाढणार.

आज गंमत झाली. गेटजवळच्या शेवग्याचा पाला आणून भाजी केली, तर ही ताटाकडे बघून रडायलाच लागली. तिच्या गावी पण बाळंतिणीला हाच पाला देतात, दूध यावं म्हणून. कोंबडीच्या पातळ रश्श्यात. एवढा समुद्र मध्ये, आणि पाला एकच. आता रोज शेवगा. वॉचमन म्हणाला, आजी, झाडाचं टक्कल केलंत.

१४ नोव्हें.

मारीच्या धाकट्या बहिणीला पाहिलं. लोर्ना. कुवेतला एका घरात राहून काम करते. पाहिलं म्हणजे, खरं तर कपडेच पाहिले. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालते तेवढाच वेळ तिचा. फोन लपवलेला असतो. तो कठड्यावर उभा करते आणि कामाला लागते. बोलत नाही, आवाज खाली जातो. चादरी, लांब पांढरे झगे, बारक्या चड्ड्या. वाऱ्यानं सगळं फुगतं, जसं काय घरच उडून चाललंय. मधूनच तिचा चेहरा. मारीसारखाच, पण वाळलेला.

बाळ मांडीवर घेऊन आम्ही बघत बसलो. भात खाल्ल्यावर डोळ्यांवर येतं ना, तशी झाले मी.

सगळ्यात शेवटी ती एक पिवळा टॉवेल घालते. तो दिसला की समजायचं, आज ठीक.

१७ नोव्हें.

पि. टॉ. दिसला.

ठीक म्हणजे काय गं, विचारलं मारीला. "ठीक मतलब मारा नहीं, खाना दिया." असं म्हणाली आणि लंगोटांच्या घड्या घालत राहिली.

करार उन्हाळ्यातच संपलाय लोर्नाचा. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. आधी म्हणाली ईदनंतर जा, मग मुलीच्या लग्नानंतर जा, आता मुलीचं बाळंतपण. त्या घरातला लहानगा लोर्नालाच मामा म्हणतो म्हणे. त्यांच्याकडे मामा म्हणजे आई.

मी पण घरकाम केलंय, उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात. सिंधी भाभी. कडक बाई, पण दारात पोचलं की आधी पापड आणि पाणी, मग झाडू. तसा पापड पुन्हा कुठं खाल्ला नाही, मिरी असायची त्यात, अख्खी... काय सांगत होते? हां. संध्याकाळी मी घरी यायचे. भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी जायचेच नाही, बसा म्हणायचे. लोर्नाला संध्याकाळच नाही.

२३ नोव्हें.

हॉलच्या कोपऱ्यात मारीनं मोठा खोका ठेवलाय. त्यांची रीत आहे ती. परदेशात गेलेलं माणूस महिनोन्महिने खोका भरत राहतं, साबण, चॉकलेट, डबे, चपला, आणि भरला की बोटीनं गावी. माणूस नाही तर खोका तरी घरी जातो. मी पण कुरडया घातल्या. काळा मसाला, तीन पिशव्यांत, नाहीतर साबणाला वास लागायचा. आणि लोर्नासाठी गोधडी. जीन्सच्या चिंध्यांची, मी उल्हासनगरला घरी जीन्सचे धागे कापायचे तेव्हापासून साठवलेल्या. ती गावी पोचली की पांघरेल. "वर ठेव गं, पहिली निघाली पाहिजे."

मारी म्हणाली, तिच्या गल्लीतून गेलेली एक मुलगी पण खोक्यातच परत आली.

खोक्याची झाकणं उघडीच ठेवलीत. उगाच.

११ डिसेंबर

बारसं!! बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं माया. मारी म्हणते माया त्यांच्याकडचा चिमणीएवढा पक्षी. मी म्हटलं, आमच्याकडे बुद्धाची आई. दोन्ही घरं खूश. अंबरनाथहून मुलगी आली होती, आत्या म्हणून कानात तिनंच सांगितलं.

आता पाळण्याखालून बाळ द्यायचं. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मावशी. भोईर वहिनी म्हणाली, "मी हाय ना गो." पण मला सुचलं, मावशी फोनवर आहे की! मारी आत साडी बदलत होती. तिनं शंभरदा बजावलंय, "आई, उधर से आएगा. इधर से कभी नहीं." पण त्या आनंदात कुठलं डोकं. दाबलं हिरवं बटण.

वाजला. वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला. बाईचा आवाज, पण लोर्नाचा नाही.

मारीनं येऊन फोन माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. पाळणा हलवला. पेढे वाटले. माया झोपेत हसत होती.

१५ डिसें.

गच्ची नाही.

मारीला म्हटलं, बोल मला, काहीतरी लागेलसं बोल. "आई, आपने प्यार से किया." आलं घातलेला चहा पुढे केला. त्यानं जास्तच लागलं.

प्र.नं तिच्या देशाच्या कुवेतमधल्या वकिलातीत फोन लावला. ते म्हणतात, तिनं स्वतः आमच्या दारात यायला हवं. आली की आत ठेवून घेऊ, पण त्या घरातून आणता येत नाही. आणि नुसती उंबऱ्याबाहेर पडली तरी मालकीण पोलिसात लिहून देणार, पळाली म्हणून. वर सोनं नेलं असं पण तक्रारीत घालतात. मारी म्हणते, सोनं घालतातच.

दारात जा म्हणजे काय, बेलवलीतून बदलापूर गावात जाणं आहे का ते.

२१ डिसें.

दिसली! नव्या नंबरवरून फोन आला. ग्रेस नावाची मुलगी, त्यांच्याच देशाची, लोर्नाच्या समोरच्या इमारतीत कामाला. तिच्या गच्चीवरून दाखवलं. लांब, बोटाएवढी बाई चादर झटकत होती. लोर्नाच्या फोनचं काय झालं ते तिनंच ग्रेसला कचरा टाकताना सांगितलं म्हणे. बारशाच्या दिवशी मालकिणीनं फोडला.

पि. टॉ. तिच्या खांद्यावर होता. दोरीवर घातला नाही.

आणि निरोप. शुक्रवारी दुपारी घरातले सगळे जेवायला बाहेर जातात. तेव्हा निघू का? दीदीला विचार. हो असेल तर ग्रेसनं लाल ओढणी वाळत घालायची, नाही तर काहीच नाही.

मारीनं माझ्याकडे बघितलं. "आई, क्या बोलूँ? रास्ते में पकड़ा तो जेल." मी म्हटलं, माझ्या बोटावर माझाच भरोसा राहिला नाही, मला नको विचारूस. मायाला पाय ताणून तेल लावत बसले. तेल लावता लावताच तोंडातून निघालं, "संध्याकाळी बाईनं आपल्या घरी यावं. एवढंच मला कळतं."

तिनं तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग ग्रेसला सांगितलं. लाल.

२४ डिसें.

मारीला खिडकीत कागदी चांदणी लावायची होती, नाताळची. माळ्यावरचा दिवाळीचा कंदील काढून दिला. भोईर वहिनी खालून ओरडली, "काय गो, तुमची दिवाळी सरत नाय काय!" माया कंदिलाकडे एकटक बघते. मी पण. आत बल्ब हलतो तसं भिंतीवर पाणी हलल्यासारखं होतं. त्या पाण्यात डुलकी लागली. स्वप्नात सगळे झगे दोरीवरून सुटून आपल्या उल्हास नदीवरून चाललेले. लोर्ना एकावर बसलेली, पाय हलवत. मी विचारलं, पापड खाणार?

२६ डिसें. शुक्रवार

जेवण कुणाला गेलं नाही. कोपऱ्यातल्या खोक्याजवळच बसलो दोघी.

दुपार कलताना फोन आला. नंबर ओळखीचा नाही. मारीनं उचलला.

कपडे नव्हते. गच्ची नव्हती. नुसतं आभाळ. आणि आभाळ पळत होतं. मध्ये मध्ये खांब, तारा, एका पुलाचं पोट. गाडी आहे, काच आहे. पुढे कुणीतरी चालवतंय, त्याची फक्त मान दिसली. वकिलातीकडे नेतोय की पोलिसात, की दुसऱ्याच कुणाच्या घरी, मानेवरून काय कळणार. मारीनं हळूच हाक मारली. उत्तर नाही. फोन जरा हलला आणि काठाशी पिवळं दिसलं. टॉवेल. बरोबर घेतलाय तिनं.

मारी माझा हात सोडत नाहीये, म्हणून वही गुडघ्यावर ठेवून डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. फोनला चार्जर लावलाय. मायाला उठवलं आणि फोनसमोर धरलं, म्हटलं बघ, मावशी चाललीये. ती त्या आभाळाकडे बघून हात हलवतेय.

अजून चालू आहे. अजून पळतंय.