‘घाटपाल’चे बांधीव खंड आणि सुटे अंक यांविषयी

॥ श्री करवीरनिवासिनी प्रसन्न ॥

जिच्या कृपेने वाणीला शब्द आणि शब्दाला अर्थ लाभतो त्या जगदंबेला वंदन करून, ज्यांनी मला अक्षर दिले त्या वडिलांना स्मरून, आणि लिहिताना कोणाविषयी कडवटपणा लेखणीत उतरू नये एवढे मागून, हे मृत्युपत्र लिहावयास घेते.

मी, श्रीमती आक्काताई ज्ञानदेव गुरव, वय शहात्तर, निवृत्त संस्कृत शिक्षिका, राहणार आठवी गल्ली, राजारामपुरी, कोल्हापूर, असे लिहून ठेवते की, माझी बुद्धी स्थिर व स्मरण शाबूत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया होणार आहे. डॉक्टर काळजी नको म्हणतात. परंतु तसे म्हणताना ते माझ्याकडे न पाहता माझ्या मुलाकडे पाहतात, म्हणून हा लेख. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी कोणाच्या दडपणाने लिहीत नाही. या घरात मला दडपण्याचा प्रयत्न माझ्या कैलासवासी यजमानांनी एकदा केला होता, आणि त्यांनीच तो सोडून दिला.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात चिरंजीव विश्वजित (मुक्काम पुणे) व कन्या क्रांती (मुक्काम गडहिंग्लज) यांचे समसमान राहील. बँकेतील ठेवींचेही तसेच. पुढची खोली शिकवणीच्या वर्गाला भाड्याने देण्याचा विश्वजितचा विचार मला ठाऊक आहे. माझी हरकत नाही. मात्र फळा लावताना देवघराच्या बाजूच्या भिंतीत खिळा ठोकू नये. ती भिंत माझ्यासारखीच आतून पोकळ झाली आहे.

कलम २. वडिलांची पोथी ठेवण्याची सागवानी ठवणी, समई, सहाण आणि सर्व पोथ्या क्रांतीला द्याव्यात. अट एकच. पोथी उघडली तर ती पूर्ण करावी; पूर्ण करावयाची नसेल तर उघडू नये. वडील बिद्रीला चातुर्मासात पोथी सांगत. अध्याय रंगात आला की साखर कारखान्याचा भोंगा होई आणि पाळीची मंडळी उठून जात. मंडपात मी आणि एक म्हातारे गृहस्थ उरत, आणि तेही बहुधा झोपलेले असत. वडील तसेच पुढे वाचत. मी एकदा विचारले, “आता कुणासाठी वाचायचं?” ते म्हणाले, “ऐकणारा उठला म्हणून अध्याय उठत न्हाय, बाळ.” हे वाक्य मी जन्मभर वापरले. त्यापायी मला एक मैत्रीण गमवावी लागली. ते पुढे कलम ४ मध्ये येईल.

कलम ३. शेजारी श्री. बाळासो यांनी माझ्या फाटकासमोर मोटारसायकल लावू नये, ही माझी इच्छा माझ्या मरणानंतरही लागू राहील. त्यांना साक्षीसाठी बोलावण्याचे एक कारण हेही आहे की त्यांनी हे कलम ऐकावे.

कलम ४. ‘घाटपाल’ या मासिक चित्रकथेचे, आरंभापासूनचे बांधीव खंड.

संस्कृतच्या बाईंनी चित्रकथा जपल्या याचे ज्यांना नवल वाटेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करते. वडिलांच्या पोथ्या बांधण्यासाठी मी मागच्या गल्लीत मुनव्वरचाचांच्या कारखान्यात नेत असे. चाचा पोथीला हात लावण्यापूर्वी हात धूत आणि खळीत मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नाही. त्यांची मुलगी जरीना माझ्याच वयाची. ‘घाटपाल’ छापून झाला की शिवणीसाठी त्यांच्याकडेच येई. म्हणून साऱ्या कोल्हापूरच्या आधी आम्ही दोघी तो वाचत असू. पण कसा, तर न घडी घातलेल्या छापील फर्म्यावर. त्या मोठ्या कागदावर पहिल्या पानाशेजारी शेवटचे पान येते, आणि निम्मी पाने डोक्यावर उभी असतात. आम्ही माना वाकड्या करून, कागदाभोवती फिरत वाचायचो. जरीना उलटे अक्षर माझ्यापेक्षा लवकर लावत असे.

घाटपाल हा मुखवटा घातलेला घोडेस्वार, सह्याद्रीच्या खिंडी राखणारा. त्याची धाकटी बहीण रेवा. आम्ही आठवीत असताना तो अंक आला, ज्यात लुटारू पलीकडे येऊ नयेत म्हणून रेवा दोरांचा पूल मधोमध कापते आणि पुलासकट दरीत जाते. फर्म्यावर ती एका बाजूला पडत होती, आणि तिच्याच शेजारी, उलटी, त्या सकाळी हसत भाकरी बांधून घेत होती. त्या दिवशी आम्ही दोघीही जेवलो नाही.

पुढे मी शाळेत लागले, जरीनाने वडिलांचा कारखाना घेतला. दर वर्षाचे अंक मी तिच्याकडे द्यावेत, तिने लाल कापडी पाठीचा खंड बांधून द्यावा, हा नेम तिचे लग्न, माझे लग्न, तिचे वैधव्य आणि माझे वैधव्य ओलांडून चालला.

दोन वर्षांपूर्वी ‘घाटपाल’ नव्या मालकांकडे गेला. त्यांनी असे लिहिले की, रेवा पडलीच नव्हती. दोर तुटण्यापूर्वी ती पलीकडे पोचली, लुटारूंना मिळाली, आणि इतकी वर्षे ज्या मुखवटाधारी सरदाराशी घाटपाल लढत होता ती तीच होती. वाचकांत मोठा क्षोभ झाला. विश्वजितने फोनवर सांगितले, “आई, सगळे म्हणतायत, बंद करा वाचायचं.” मी म्हटले, “सगळे म्हणजे कोण ते आधी सांग.”

त्या वर्षाचे अंक घेऊन मी जरीनाकडे गेले. तिने वरचा अंक पाहिला आणि गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला.

“आक्के, ह्याला माझी सुई लागायची न्हाय.”

“का?”

“आपली रेवा मेलीया. अब्बांनी विचारलं तवा डोळ्यात खळ गेली म्हणून सांगितलं मी. आता हे म्हणत्यात ती मेलीच न्हाय. मग मी काय खोटी रडले व्हय?”

मी म्हटले की, पुराणांतही एकच कथा दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी येते. आपण दोन्ही जपतो, कोणती फाडत नाही.

“पुराणाचं मला सांगू नगंस. पुराणं बदलाय पिढ्या गेल्या. ह्यांनी एका अंकात बदललं, आणि ते बी खप वाढवाय.”

मी वडिलांचे ते वाक्य सांगितले. अध्याय उठत नाही. ती म्हणाली, “मग बस तू मंडपात एकटी.” मी म्हटले, “तुझ्या अब्बांनी न पटणाऱ्या पोथ्याही हात धुऊन बांधल्या.” तिने अंकांना सुतळी बांधली, गठ्ठा पायरीवर ठेवला आणि आत गेली.

आठ दिवसांनी तिच्याकडे बांधायला राहिलेला आधीच्या वर्षाचा खंड घरी आला. त्याच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत छापले होते: समाप्त. तेव्हापासून तिच्या घरचा शिरखुर्मा माझ्याकडे आलेला नाही, आणि माझ्या करंज्या तिच्याकडे गेलेल्या नाहीत.

असो. <s>हे सर्व बांधीव खंड श्रीमती जरीना यांस द्यावेत. ज्या रेवासाठी आम्ही उपाशी राहिलो ती या खंडांत आहे, आणि तिची राखण जरीनाइतकी कोणी करणार नाही.</s>

कलम ५. बदलानंतरचे सुटे अंक, सुतळीसकट, जरीनाची नात मेहक हिला द्यावेत. मेहक औषधशास्त्र शिकते. माझा रक्तदाब मोजण्याच्या निमित्ताने ती येते आणि झोपाळ्यावर बसून हे अंक वाचते. हे अंक बांधावयाचे झाल्यास जरीनाकडूनच बांधून घ्यावेत. तिने नकार दिल्यास ते सुटेच राहू द्यावेत. दुसऱ्या कोणाचीही सुई त्यांना लागू नये.

कलम ६. प्रिय कथेत असा बदल झाला तर पुढे वाचावे की सोडावे, हे माझ्या मुलांनी, मेहकने, आणि ज्यांच्या हाती हा लेख पडेल त्यांनी मला विचारले असे समजून लिहिते.

हा बदल मला रुचलेला नाही. तो घाईने केलेला आहे, आणि रेवाच्या तोंडी घातलेली भाषा तर पोलीस पाटलाची आहे. तरीही मी वाचत राहिले. वाचणे म्हणजे संमती देणे नव्हे. रागावलेल्या माणसाने मंडपात बसू नये असे कोणत्याही शास्त्रात मी वाचलेले नाही. उलट कित्येक प्रश्न अशाच श्रोत्यांनी विचारले आणि त्यातून पुढचे अध्याय निघाले. मला हे पाहायचे आहे की, ज्यांनी रेवाला पलीकडे नेले ते तिला परत कसे आणतात. आणतील की नाही, ठाऊक नाही.

परंतु जो उठून गेला त्याला भ्याड किंवा हट्टी म्हणू नये. त्याने जे आधी वाचले ते त्याचे आहे. नवा लेखक पुढची पाने लिहू शकतो. माझ्या आठवीतल्या उपवासावर त्याचा अधिकार चालत नाही. हे जरीनाचे म्हणणे होते, आणि ते मला तिच्या पायरीवर नव्हे, घरी येऊन कळले. माझा आक्षेप एवढाच उरतो की, आपण उठताना दुसऱ्याच्या खंडावर ‘समाप्त’ छापू नये.

दुरुस्ती (त्याच दिवशी, सह्या होण्यापूर्वी). 

मृत्युपत्र वाचून दाखवण्यासाठी वकील वर्षाराणी घरी आल्या होत्या. बाळासो हजर होते. दुसरे साक्षीदार अजून यावयाचे होते. तेवढ्यात जरीना दारात आली. शस्त्रक्रियेचे तिला मेहककडून कळले होते. चपला काढता काढता म्हणाली, “मेहक इथं येऊन काय वाचती ते मला ठावं हाय. बीपी मोजाय दोन तास लागत न्हाईत.” मग वकिलांच्या हातून कागद घेऊन तिने कलम ४ पासून सर्व वाचले. ‘समाप्त’पाशी थांबली, पुन्हा वाचले.

“साक्षीदार कोण?” तिने विचारले.

“एक बाळासो. दुसरे येतायत,” वर्षाराणी म्हणाल्या.

“येऊ देत न्हाईत तर न्हाईत. मी करते सही.”

“चाची, तुमचं नाव खंड घेणाऱ्यांत आहे. ज्याला मिळायचं त्यानं साक्षीला बसू नये, असं आम्ही सांगतो. उद्या कुणी हरकत घेतली तर भानगड.”

“मग काढा की माझं नाव.”

मी म्हटले, “जरीना, आरंभापासूनचे खंड आहेत.”

“मीच बांधल्यात. आत काय हाय ते मला सांगतीस व्हय? ते मिळायला तू मरायची वाट बघत बसू? सहीला तुझ्या शेजारी बसायचं हाय ते आज.”

बाळासो म्हणाले, “चाची, मोटारसायकलचं कलम बी काढा की तेवढं.” वर्षाराणींनी पेन माझ्या हाती दिले.

म्हणून कलम ४ मधील तेवढ्या मजकुरावर मी एकच रेघ मारली आहे. मूळ अक्षर वाचता येते, आणि ते तसेच वाचता यावे अशी माझी इच्छा आहे. त्याऐवजी: बांधीव खंड व सुटे अंक, दोन्ही मेहकला द्यावेत. दुरुस्तीशेजारी आम्ही तिघांनी आद्याक्षरे केली आहेत.

सह्यांची तयारी होईपर्यंत जरीनाने सुतळीचा गठ्ठा काखेत मारला. “बांधते. वाचणार न्हाय,” असे तिने वकिलांसमक्ष सांगितले. नव्या खंडाच्या पाठीवर काय छापणार ते तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. फाटकाशी, बाळासोंच्या मोटारसायकलला टेकून, तिने वरचा अंक सोडवला, उलटा धरला, आणि मान वाकडी करून पाहू लागली. माझे वर्षाराणींकडे लक्ष नव्हते, म्हणून त्यांना तारीख दोनदा विचारावी लागली.

हा लेख वाचून, समजून, मी त्यावर खालील साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: आक्काताई ज्ञानदेव गुरव

साक्षीदार:
१. बाळासो, आठवी गल्ली, राजारामपुरी (कलम ३ ऐकले.)
२. जरीना, पुस्तक बांधणी, राजारामपुरी (सगळे वाचले.)

ठिकाण: कोल्हापूर. रविवार, दिनांक १४ डिसेंबर २०२५, मार्गशीर्ष वद्य पक्ष.

जो हे वाचील, जो ऐकेल, आणि जो मध्येच उठून जाईल, त्या सर्वांचे आई कल्याण करो. ज्याला थांबावेसे वाटेल त्याला थांबण्याची शांती मिळो, ज्याला पुढे वाचावेसे वाटेल त्याला उजेड पुरो, आणि दोघांनाही कागदाच्या पलीकडल्या बाजूला मान वाकडी करून बसलेले कोणीतरी लाभो. शुभं भवतु.