लीलंडचा अर्ज

वॉशिंग्टन
गुरुवार, १८ मार्च २०१०

प्रिय मार्लिस,

तू म्हणशील, फोन सोडून डेल्मरला पत्र लिहायचं कुठून सुचलं. पण फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करतो, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. म्हणून नदीकाठच्या बाकावर बसून लिहितोय. पाणी इतकं संथ आहे, की धुकं कुठे संपतं आणि नदी कुठे सुरू होते ते समजत नाही. दोन दिवस मी या शहरात अर्धवट झोपेत असल्यासारखा फिरतोय. तिकडे कंपनीने विमा रद्द केल्यामुळे तुझ्या लीलंडच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन अडलंय, तुझं अपील पुढच्या शुक्रवारच्या आत पोचायला हवं, आणि तुझा हा विमा एजंट भाऊ इथे खासदारांची दारं ठोठावत हिंडतोय.

देशभरातून आम्ही सातशे एजंट आलोय, गळ्यात निळ्या पट्ट्या अडकवून. आरोग्याच्या नव्या कायद्यावर रविवारी मतदान होईल म्हणतात. लोक कॉम्प्युटरवर आपला आपण विमा घ्यायला लागले, तर आम्हाला कुत्रं विचारणार नाही, ही आमची धास्ती. आमच्या नेब्रास्काच्या टोळीची म्होरकी रॉयलीन. तिने सकाळी नाश्त्यालाच बजावलं, ‘आकडे सांगत बसू नका रे, आकडे त्यांच्याकडे पोत्यांनी पडलेत. स्वयंपाकघरातल्या टेबलाची एक गोष्ट सांगायची आणि चहा विचारायच्या आत उठायचं.’ मग आम्ही पाचजण संगमरवरी बोळांतून निघालो. सगळी दारं सारखी, दिव्यांचा उजेड दुधासारखा, आणि आपल्याच पावलांचा आवाज मागून येतो. दोनदा आम्ही चुकून आयडाहोच्या खासदाराच्या दारात जाऊन उभे राहिलो. मला सारखं वाटत होतं, पुढच्या वळणावर आई खसखशीचं सारण भरलेल्या कोलाची पावांचं ताट घेऊन उभी असेल.

तिथेच मला प्लॅट नदीवरचे करकोचे आठवले. तुला आठवतंय? असाच मार्च, असंच धुकं. बाबांच्या मागे आपण गवतात पालथे पडलो होतो. हजारो पक्षी पाण्यात उभे, एकही हलत नव्हता. आणि मी शिंकलो. सगळा थवा उठला, आभाळ काळं झालं. बाबा गर्रकन वळले आणि तू म्हणालीस, ‘मी शिंकले.’ तुला महिनाभर नदीवर जायची बंदी झाली होती, आणि मी मात्र जात होतो. मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही.

खासदारसाहेब काही भेटले नाहीत. आरोग्याचं काम पाहणारी त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी होती, ब्रिन नावाची, आपल्या हेस्टिंग्जकडचीच. पायात पळायचे बूट, हातात सूपचा पेला. रॉयलीनने मला कोपराने ढोसलं आणि मी गोष्ट सांगितली. तुमचीच सांगितली, नावं तेवढी गाळून. चार वर्षांपूर्वी लीलंडने धान्यगोदामातली नोकरी सोडून वेल्डिंगचं दुकान टाकलं, तेव्हा मी विम्याचा अर्ज घेऊन तुमच्याकडे आलो होतो. ओव्हनमध्ये तुझा ‘ॲपल पाय’ भाजत होता, कोंबड्या सुटल्या म्हणून तू झाडू घेऊन अंगणात धावलीस. मी म्हणालो, एजंट टेबलाशी बसतो, एकेक प्रश्न वाचून दाखवतो, माणूस ओळखतो. कॉम्प्युटर माणूस ओळखत नाही. मला इतका चेव चढला होता, की माझेच डोळे भरून आले. ब्रिनने सगळं लिहून घेतलं. मग मान वर करून साधेपणाने विचारलं, ‘मग त्या माणसाचं पुढे काय झालं हो?’ रॉयलीनच म्हणाली, ‘काय व्हायचंय! बायकोच्या हातचं खाऊन तुंदिलतनू झाला असेल!’ सगळे हसले. मार्लिस, मीही हसलो.

बाहेर आल्यावर रॉयलीनने पाठ थोपटली. ‘एक नंबर! दुपारी सिनेटच्या मंडळींपुढे हीच सोड.’ मी पाणी पिऊन येतो म्हणालो आणि चालत सुटलो, तो इथे येऊन थांबलो.

नाताळात कंपनीचं पत्र आलं, तेव्हा मी तुमच्याकडेच होतो. डॉक्टरची जुनी नोंद त्यांनी उकरून काढली होती: छातीत दुखल्याचं अर्जात लपवलं. तू लीलंडवर किती भडकलीस! ‘माझ्यापासून लपवलंस ते लपवलंस, माझ्या भावापासूनही लपवलंस?’ तो नुसता कॉफी ढवळत राहिला. तेव्हापासून तू शिवणाच्या खोलीत झोपतेस, हे तू मला सांगितलं नाहीस, त्यानेही नाही. दाराशी तुझ्या सपाता दिसल्या.

त्याने काहीच लपवलं नव्हतं. तू कोंबड्यांमागे धावत होतीस तेव्हा मी चौदावा प्रश्न वाचला आणि तो म्हणाला, ‘गेल्या वर्षी पोती चढवताना छाती आवळली होती. डॉक्टर म्हणाला पित्त असेल, पण एकदा तपासून घे. लिही ते.’ दोनदा म्हणाला, लिही ते. मी म्हणालो, ‘अरे, पित्त कोण लिहितं! अर्ज महिनाभर लोळत पडेल.’ आणि माझ्या पेनाने ‘नाही’वर खूण केली. आम्ही एजंट असं मायेपोटी करतो आणि त्याला मदत म्हणतो. कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी लीलंड मला गोठ्यात गाठून म्हणाला, ‘तुझं लायसन्स जाईल, पोरं कॉलेजात आहेत, गप्प बस.’ आणि मी निर्लज्जासारखा तीन महिने गप्प बसलो. एजंटाला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, हा मुद्दा तुझ्या वकिलाला लागलीच कळेल. सोबत माझा शपथेवरचा जबाब आहे. मघाशीच इथून उठून जवळच्या नोटरीपुढे सही करून आलो, कुरियरने शनिवारी तुझ्या हातात पडेल. लायसन्स जाऊ दे. पण मार्लिस, वकिलाकडे जाण्याआधी लीलंडकडे जा. तो तुझ्याशी खोटं वागला नाही. मी वागलो.

तुझाच,
डेल्मर