सरासरी चाल

वाडी, वडूजजवळ,
२२ फेब्रुवारी १९९८

प्रिय सृष्टीच्या पप्पांना,

तुमचं नाव लिहायला अजून हात धजत नाही, म्हणून पोरीच्या आडून हाक मारतेय. हसू नका. 'प्रिय' मात्र माझं मी लिहिलंय, ते कुणी शिकवलेलं नाही.

इथं सगळी खुशाली आहे. काळ्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पाटीच, बोकड एकही नाही. सृष्टीचं नववीचं वर्ष संपत आलं आणि तिच्या आईची दहावीची परीक्षा तोंडावर आली! बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरल्याचं कळवलं होतं, त्यावर तुमचं उत्तर आलं, 'बरं केलंस.' बस्स, एवढंच. कानपूरला गलाईच्या भट्टीपुढं बसून सोनं-चांदी गाळता ते ठीक आहे, पण बायकोला लिहायचे शब्दही गाळून पाठवायचे असतात का हो?

मराठी, इतिहासाचं मला भय नाही. शास्त्रानं मात्र घाम फोडलाय. सृष्टीच्या शाळेतल्या उमाबाई मला रविवारी शिकवतात. त्या म्हणाल्या, आधी नववीच्या पुस्तकातला गतीचा धडा पक्का करा, मग पुढचं. झालं, मायलेकी एकाच पुस्तकावर डोकी घालून बसतो आणि मास्तरीण असते तुमची लेक. मी चुकले की कपाळाला हात लावते, अगदी तुमच्यासारखा. पहिल्याच दिवशी फजिती झाली. 'चाल म्हणजे काय?' असा प्रश्न होता. मी लिहिलं, 'जिच्यावरून माणूस लांबून ओळखू येतो, ती चाल.' उमाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एवढ्या वेळात किती अंतर कापलं, त्याला चाल म्हणायचं, असं त्यांनी सांगितलं. असेल बाई. पण मी लिहिलं ते तुमच्यावरून लिहिलं होतं. फाट्यावर एसटी थांबली की उतरणाऱ्या माणसांत तुम्ही मला लगेच कळता, पिशवी डाव्या खांद्याला आणि चालणं जरासं तिरकं. दोन दिवाळ्या मी त्या फाट्याकडं बघत काढल्या. कुणी तिरकं चालत आलं की चुलीवरची भाकरी करपते.

दुसरं एक ऐका. माणूस कितीही हिंडला आणि शेवटी निघाल्या जागी परत आला, तर पुस्तक म्हणतं त्याचं विस्थापन शून्य. मला हे काही पटेना. तुमच्या वडिलांनी, आपल्या तात्यांनी, जन्मभर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पलूसकडं उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, हेच केलं. वाटेत कोकरं जन्मली, तुम्हीसुद्धा असेच कुठल्याशा उसाच्या बांधावर जन्मलात, आणि उत्तर काय, तर शून्य? मी बाईंशी भांडले. त्या म्हणाल्या, अंजनाबाई, अंतर कापलेलं वाया जात नाही, ते वेगळं मोजतात. विस्थापन फक्त एवढंच विचारतं, की निघालेला माणूस आता घरापासून किती लांब आहे. तेव्हा कुठं मला पटलं. तात्या आपल्या दारात, आपल्या घोंगड्यावर गेले. त्यांचं शून्य मला आता चांगलं वाटतं. तुमचं कधी होतंय, याची वाट बघतेय.

त्वरणाचा धडा सृष्टीनं मला एसटीतच शिकवला. वडूजला पुस्तकं आणायला गेलो होतो. गाडी सुटताना मी मागं रेलले, तशी ती म्हणाली, "आई, हेच ते त्वरण. वेग बदलत असतो तेवढाच कळतो. गाडी एकदा एकसारखी पळायला लागली, की अंगाला काही जाणवत नाही." मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, पोरी, हे गाडीचं झालं. तुझे पप्पा निघून गेले त्या दिवशी कळलं आणि नंतर कळेनासं झालं, असं काही माझं झालेलं नाही. रोज कळतं. तव्यावर भाकरी टाकताना कळतं, पोरगी पहिला नंबर आल्याचं सांगत येते तेव्हा जास्तच कळतं. तुमची आठवण येते हो मला. फार येते. लिहिताना लाज वाटत नाही, लांबचं माणूस काय मारणार आहे!

आता जे लिहायचं ते लिहिते. तुम्ही का येत नाही, ते मला ठाऊक आहे. कामाचा रेटा, मालक सोडत नाही, या सगळ्या वरवरच्या गोष्टी. तात्यांची राख सावडायच्या दिवशी तुम्ही पोचलात आणि जोतिबाअण्णा सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "आगीनगाडी शंभरानं पळती म्हणत्यात. मनात असतं तर रातोरात येऊन बापाच्या तोंडात पानी घातलं असतं." तुम्ही मान खाली घातलीत, ती अजून वर केलेली नाही. तात्या अत्यवस्थ असल्याची तार दुपारी मिळाली, भट्टीवर वितळत्या सोन्याची मूस होती, म्हणून त्या रात्रीची गाडी सोडून सकाळची धरली, हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत आणि भिंतीकडं तोंड करून झोपलात. अण्णांना तेव्हा मी अडवायला हवं होतं. चुलतसासऱ्यापुढं सून काय बोलणार, आणि बोलायचं तरी कशाच्या जोरावर? हे गणित मला तेव्हा येत नव्हतं.

आता येतं. धड्यात सरासरी चाल आली, त्याच दिवशी मी पुस्तकातली गणितं बाजूला सारून तुमचं गणित घातलं. गाडी शंभरानं पळते ती मधल्या माळावर, घटकाभर. तिला झाशी लागते, भुसावळ लागतं, कुठं इंजिन बदलतं, कुठं नुसतीच उभी राहते. एकूण अंतराला एकूण वेळेनं भागलं की चाळीस-पंचेचाळीसच्या वर काही जात नाही. घरापर्यंतचे पंधराशे किलोमीटर त्या चालीनं कापायला दीड दिवस हवा. तात्या तर तार पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी गेले. तुम्ही मूस तशीच टाकून स्टेशनवर धावला असतात, तरी ते गेले तेव्हा तुम्ही झाशीच्याही आसपासच असता. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. दर खेपेला याच गाडीत तुमचं अंग आंबून जातं. पण बापाची राख पुढ्यात असताना कुणाला भागाकार सुचतो?

परवा अण्णा मेंढरं पलूसला ठेवून बाजरी न्यायला आले होते. मी पाण्याचा तांब्या दिला आणि पदर खोचून विचारलंच, "अण्णा, लांडगा मागं लागल्यावर मेंढरू जसं पळतं, तसंच तुम्ही पलूसपतोर पळत जाता का?" ते म्हणाले, "याड लागलं का पोरी? चरत, बसत, पानी पीत जायाचं. पळती चाल येगळी, मुक्कामाची चाल येगळी." मी म्हटलं, आगीनगाडीचंही तसंच असतं. आणि अंगणात काडीनं रेघ ओढून सगळं समजावलं, कानपूर इथं, झाशी तिथं, आणि तात्या गेले तेव्हा गाडी कुठवर आली असती ते इथं. अण्णा त्या रेघेपाशी उकिडवे बसले आणि कानपूरपासून रेघेवरून बोट फिरवत आले. मग हळूच म्हणाले, "मंजी पोरगं येऊच शकत नव्हतं. अन् मी त्याला लय टाकून बोललो." जाताना फाटकातून माघारी फिरले. म्हणाले, "लिव्ह त्याला. म्हनावं, चुलत्याला शाळा न्हाई. औंदा बापाला निवद तुझ्याच हातचा दाखवायचा हाय."

म्हणून हे पत्र. तात्यांचं दुसरं वर्षश्राद्ध पाडव्यानंतर आहे, तोवर माझी परीक्षाही झालेली असेल. धड्याच्या शेवटी एक गणित आहे, दोन माणसं समोरासमोरून निघाली तर त्यांची भेट लवकर होते. मी वडूजच्या पुढं कधी एकटी गेलेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही गाडी कळवा, मी सृष्टीला घेऊन सातारच्या स्टेशनवर येऊन उभी राहते. तुमच्या पंधराशेपुढं माझे साठ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण गावात शिरायचे ते शेवटचे साठ तुमच्यानं एकट्यानं कापवत नाहीत, हे मला कळलंय. ते आपण तिघं मिळून कापू.

तुमचीच,
अंजना