उघड्या हातांचा ऑगस्ट

नेपरव्हिल, अमेरिका, २ जून १९९६

प्रिय उत्तरा,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा आणि जगन्नाथरावांचा खोकला दोघेही आता शहाण्यासारखे वागत असतील. सातवीत शाळा सुटल्यावर ‘मी वर्गात बोलणार नाही’ असं आपण इंग्रजीत शंभरदा लिहीत बसलो होतो, आठवतं? सिस्टर बर्नाडेटना अक्षर तिरकं, गोल, एका उंचीचं हवं असे. त्या तिरक्या अक्षराने परवा इथे एका माणसाची अब्रू राखली.

शेजारच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या डोरोथीचे आजोबा ऑगस्ट ब्रेनर. बेसबॉल खेळायला पगार मिळू लागला त्या सुरुवातीच्या काळात हे कॅचर होते (आपला विकेटकीपर समज, पण हातमोज्यांशिवाय). फोटोत बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. मी संधिवात समजून निर्गुडीचं तेल सुचवलं. माणूस जाऊन सत्तर वर्षं झाली होती.

गावच्या मैदानावर जुन्या खेळाडूंच्या नावांचा फलक लागतोय. समितीचे अध्यक्ष म्हणाले, ब्रेनर फक्त बॅटी वाहायचा, कागद दाखवा. (कागद नाही म्हणजे माणूसच नाही, हे आपल्या बापजाद्यांनी काय कमी ऐकलं?) डोरोथीकडे त्यांची डायरी होती, पण अक्षर जुन्या वळणाचं, तिरकं, जोडून लिहिलेलं; तिची नजर अधू आणि बाकी कोणाला ते वाचता येईना. आमचा इंजिनिअर अनुप म्हणतो, ‘आई, हे इंग्लिश आहे?’

मी वाचली. हॉटेलवाले खेळाडूंना खोली देत नसत. ऑगस्टची आई लाजेने शेजाऱ्यांना सांगे, मुलगा सुतार आहे. आणि १८८४ च्या ऑगस्ट महिन्यातलं एक पान: ‘आमच्या कॅचरची बोटं फुटली. मला उभं केलं. नऊच्या नऊ इनिंग, अख्खा सामना. करंगळी मोडली. जिंकलो.’ खाली कप्तानाची सही. लायब्ररीत संघाचा एक जुना कागद होता, त्यावरच्या त्याच्या सहीशी ती तंतोतंत जुळली.

समितीपुढे हे मीच खड्या आवाजात वाचलं आणि शेवटी सवयीने गुडघे वाकवून ‘थँक यू, सिस्टर’ म्हणाले. अध्यक्ष सहा फूट, दाढीवाले. पण सगळी सभा उठून उभी राहिली, अध्यक्षही. नाव लागतंय. डोरोथी माझा हात धरून रडली, मीही.

तुझी,
सुमित्रा

ता.क. डायरीचं शेवटचं पान मला लागत नाही. म्हाताऱ्याचा हात फार थरथरलाय. डोरोथीला मी सांगून बसले की त्यात आजोबा समाधानी दिसतात. आता तिला ते पान चार जुलैला, फलक लागेल तेव्हा, तिथे वाचून हवंय, आणि ती रोज लिंबाचा केक घेऊन येते. झेरॉक्स सोबत आहे. माझ्या शंभरातल्या साठ ओळी तूच लिहिल्या होत्यास. एवढं पान वाच.

पुन्हा ता.क. इथून सुट्टीला तिकडे येणाऱ्या दीपासोबत पाठवलेल्यातली टोपी तुझ्या नातवाला, यशला, ऑगस्टच्या फोटोची प्रत आपल्या शाळेला, चेंडू तुला. जगन्नाथरावांनी हातमोजा मागितला तर सांग, ऑगस्टने घातला नव्हता. पानात आनंदाचं निघालं तर इंग्रजीत लिहून थेट डोरोथीला पाठव. तसं नसेल तर मला, मराठीत.