पाठीवरची गाठ

१९ नोव्हेंबर १९५४

पोचलो एकदाचा पनवेलला! पुण्याहून एस.टी.ने घाट उतरताना अर्धी गाडी ओकत होती. मी मात्र खिडकीला नाक लावून विजेचे मनोरे बघत होतो. घाटावरच्या तलावाचं पाणी नळांतून खाली सोडायचं, त्यावर चाकं फिरवायची, झाली वीज. ना कोळसा, ना धूर, ना राख. हीच वीज आता पनवेलपासून पुढे जमिनीखालून आणि पाण्याखालून थेट मुंबईला न्यायची आहे. त्यातला सगळ्यात वाईट तुकडा, म्हणजे इथल्या खाडीचा, कंपनीने माझ्याकडे दिला आहे. तुकडा वेळेत झाला की मुंबईच्या कचेरीत कायमची नेमणूक. नाही झाला तर पुन्हा सोलापूरच्या गुदामात खिळे-मोळे सांभाळायचे. त्यापेक्षा मेलेलं बरं.

खोली बाजारात एका धान्याच्या दुकानावर मिळाली आहे. खाली तांदळाचा वास, वर मी. जेवणात सुकट आणि तांदळाची भाकरी. पहिल्या घासाला तोंड वाकडं झालं, दुसऱ्या भाकरीला सरळ झालं.

२३ नोव्हेंबर

खाडी पाहिली. ओहोटीला पाणी सरतं आणि मागे राहतं ते खाजण, नुसता काळा चिखल. दिसायला घट्ट, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. पलीकडे मिठागरांचे पांढरे ढीग. आमची केबल मनगटाहून जाड, वर शिशाचं आवरण, आत तेलात भिजलेला कागद. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओहोटी भर दुपारी येते आणि पाणी फारसं उसळत नाही. तेव्हा माणसांच्या खांद्यावरून केबल या बांधावरून त्या बांधावर न्यायची आणि चरात निजवायची.

मुकादम बळीराम रोडपालीचा. वयस्क, काटक, बोलायला कंजूस. त्याची निम्मी माणसं मिठागरातली आणि निम्मी चिरनेरकडच्या वाडीतली कातकरी. त्यांची एक रीत त्याने आज मला समजावली. खाजणात उतरणारा प्रत्येक जण स्वतःला केबलीला बांधून घेतो. दोर दोन्ही खांद्यांवरून, काखेतून, आणि गाठ पाठीच्या मधोमध. घाबरलेला माणूस स्वतःची गाठ सोडून पळू बघतो आणि चिखलात जातो, म्हणून गाठ त्याच्या हाताला लागूच द्यायची नाही. ती मागच्याने सोडायची. सगळ्यात शेवटच्याची गाठ सोडायला एक माणूस दोराशिवाय, फळीवरून मागे मागे येतो. तो काही उचलत नाही, ओढत नाही. मी विचारलं, या जावयाला रोजी कसली? बळीराम हसला नाही. तो म्हणाला, "सायेब, मागं सोडनारा नाय तर आमी खाजनान उतरत नाय."

१ डिसेंबर

चर तयार आहे. केबलीचं रीळ बांधावर चढलं आहे. परवा केबल टाकायची. मोठ्या साहेबांना तसं कळवून टाकलं. आज ओढीचा सराव घेतला. बळीराम हाळी देतो, सगळे एकदम ओढतात, मग दम, मग पुन्हा ओढ. रांगेच्या शेपटाला, सगळ्यात शेवटी, शुक्रा नावाचा कातकरी असतो. बारीक चणीचा, दात पुढे, कायम हसणारा. त्याची बायको सोमी भाकर घेऊन येते आणि तो जेवेपर्यंत बांधावर बसून राहते. मी त्याला शेपूट म्हणून हाक मारतो. त्यालाही हसतो.

३ डिसेंबर

केबल पडली. कुणी काही म्हणो, केबल पडली.

रिळाच्या ब्रेकवरचा माणूस तापाने निजलेला. ब्रेकला माणूस नाही तर रीळ सुटतं, केबल गुंडाळते. मी त्या फळीवरच्या बिनकामाच्या माणसाला बोलावून ब्रेकवर उभा केला. बळीराम तेव्हा पुढे होता, त्याला उशिरा कळलं. निम्मी खाडी ओलांडली आणि पाणी परतायला लागलं. तेवढ्यात शेपटाला शुक्रा कमरेपर्यंत रुतला. बळीराम ओरडला, थांबवा. मी ओढा म्हणालो. थांबलो असतो तर केबल वाकली असती. वाकली की शिसं चिरतं, चिरेतून पाणी आत, आणि सगळी केबल भंगारात. मी ओढा म्हणालो आणि त्यांनी ओढली, कारण पाणी त्यांच्याही गुडघ्याला लागलं होतं.

केबलीने त्याला आडवं पाडलं आणि चरात नेलं. मग चराची कड ढासळली. त्याआधी थोडा वेळ त्याचा हात पाठीमागे जाताना दिसत होता. गाठ चाचपत होता. पोचत नव्हता. बाकीचे पलीकडे एकमेकांची गाठ सोडून वर आले.

मला वाईट वाटलं, अगदी वाटलं. पण केबल सरळ पडली आहे, तसूभर वाकलेली नाही.

४ डिसेंबर

पोलीस पाटील येऊन गेला. अपघात. ओहोटीला पाहिलं तर चिखल सपाट, जणू कुणी लिंपून घेतला आहे. सोमी आली. रडली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की माणूस वर काढा, वाडीत नेऊन पुरायचा आहे. मी समजावलं, तो केबलीखाली आहे, केबल उचलली की शिसं फुटेल. तिला शिसं काय कळणार? ती बांधावर जाऊन बसली, त्याच्या जेवणाच्या जागेवर. बळीरामाला म्हटलं, हिला घरी पाठव. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

७ डिसेंबर

केबलीची चाचणी घेतली. भरतीला उत्तम. ओहोटी लागली की यंत्राचा काटा खाली येतो, म्हणजे वीज कुठेतरी झिरपते. पाणी असताना ठीक आणि पाणी गेल्यावर दोष, हे उलटं आहे. यंत्र बदललं. तेच.

आणखी एक. बांधाच्या अलीकडे पुढच्या केबलीशी सांधा करायला खड्डा आहे, त्यात केबलीचा एक ऐसपैस वेढा राखून ठेवला होता. आज तो वेढा लहान दिसला. कुणीतरी चावटपणा केला असेल. पहारेकऱ्याला झापलं.

१० डिसेंबर

वेढा आणखी लहान. माणसाने ओढायची म्हटली तर वीस जण लागतील. संध्याकाळच्या ओहोटीला मी स्वतः खड्ड्यात उतरून शिशावर हात ठेवला. केबल हलत होती. ओढ, मग दम, पुन्हा ओढ. खाडीकडे.

चिखल बसत असेल. जड वस्तू चिखलात बसतेच, तिच्याबरोबर केबल थोडी जाणार. हे कुठल्याही पुस्तकात आहे. पण चिखल दम खायला थांबत नाही. मला ते हाताला कळत होतं आणि हात काढवत नव्हता.

१३ डिसेंबर

मुंबईहून सांधा करायला आलेला कारागीर परत गेला. शिसं वितळवायला बसला, हात केबलीला लावला, उठला, सामान बांधलं. भित्रा लेकाचा. दुसरा मागवला आहे.

केबल सागाच्या खुंटाला साखळीने आवळून ठेवली. सकाळी खुंट खाडीकडे कलला होता, बुडाशी माती उकरलेली. सोमी बांधावर बसूनच. आज तिने भाकर आणली होती. खाजणाकडे तोंड करून बांधाच्या कडेला ठेवली. दुसऱ्या ओहोटीनंतर भाकर नव्हती. कावळे नेतात.

१५ डिसेंबर

मोठे साहेब अठरा तारखेला येणार. त्याच दिवशी केबलीत वीज सोडायची, फोटोवाला येणार.

बळीराम संध्याकाळी खोलीवर आला. म्हणाला, परवा अष्टमी, दुपारची ओहोटी. एका जागी केबल उचलू, माणूस काढू, त्याच पाण्यात परत निजवू, माझी माणसं फुकट उतरतील. भला सौदा होता. पण शिसं फुटलं तर? अठराला मी काय दाखवू, कातकऱ्याची हाडं? मी नाही म्हणालो. सोमी त्याच्यामागे जिन्यात उभी होती, ती मला दिसलीच नव्हती. ती म्हणाली, "त्याला कोनी सोडला नाय, सायब. तो अजून तुमचीच केबल वढतंय."

मी दार लावलं. आतून कडीही घातली.

१६ डिसेंबर

खुंट गेला. उपटून खड्ड्याच्या भिंतीशी पडला आहे. वेढा संपला. केबल सरळ ताणलेली, टोक भिंतीपासून हातभर. ते आत गेलं की सगळं गेलं — नेमणूक, मुंबई, मी.

ठरवलं. उद्या दुपारी मी स्वतः उतरणार. केबल उचलायची नाही. फक्त चिखलात हात घालून त्याचा दोर शोधायचा आणि कोयतीने कापायचा. ओझं सुटलं की ओढ थांबेल. तो जाईल खाली आपोआप. सोमीला सांगितलं, वर काढतो. बळीरामलाही तेच. खरं सांगितलं असतं तर कुणी होडीही दिली नसती.

सोमी माझ्या पाया पडली. चटकन पाय मागे घेतला.

१७ डिसेंबर, दुपार

होडीत बसलो आहे. चाचणीचे आकडे लिहायला वही आणली. पाणी उतरतंय. लिहिलं की हात स्थिर राहतो, म्हणून लिहितो. बळीरामने मला रीतीप्रमाणे बांधलं, खांद्यांवरून, काखेतून, गाठ पाठीवर. दुसरं टोक केबलीला. त्याशिवाय उतरू देईना. "मी मागं हाय," म्हणाला. सोमी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला. केबल चिखलातून वर आलेली दिसते, तारेसारखी ताणलेली. एका जागी तिला त्याचा दोर बांधलेला दिसतो. खाली जातो.

नंतर

कापला. दोर सापडला, ताठ होता, कापला. खाली काहीतरी जड सुटलं — मग कोयती हिसकली गेली, माझ्या हातातून, खाली. मी होडीत चढलो. केबल सैल पडली. सैल! मी हसलो असेन. सोमीने विचारलं, कुठं हाय तो? तिने कापलेलं टोक पाहिलं. बळीरामनेही.

बळीरामला म्हटलं गाठ सोड. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सोमीला फळीवर घेतलं, स्वतः उतरला. दोघं बांधाकडे चालले. मी साहेब म्हणून हुकूम केला, मग नुसता ओरडलो. वळले नाहीत.

पाणी फिरलं. केबल पुन्हा खाली चालली आहे, माझा दोर तिच्याबरोबर. होडी एका अंगावर — गाठीला हात पोचत नाही. वरून नाही, खालून नाही. बोटं दुखली.

बांधावर वाडीतले, मिठागरातले सगळे आले आहेत. बसले आहेत. ओढ येते — दम — ओढ. मग सुटला नाही तो, कापूनही — नुसता मोकळा झाला. मी शुक्रा म्हणून हाक मारली. पहिल्यांदा त्याच्या नावाने. वर काढतो म्हणालो, उद्याच, देवाशप्पथ, शिसं फुटू दे —

ओढ थांबली.

होडी मागून खाली दबली. कुणीतरी चढलं. बळीराम बांधावर आहे, दिसतोय मला, सोमी त्याच्याजवळ, उभी राहिली आहे ती. चिखलाचा वास. पाठीवर गार बोटं, गाठ चाचपतात. सोडतोय. सोड बाबा, सोड —

सोडत नाहीये. मी कापलेला त्याचाच दोर घेतला, गाठीवर गाठ, आवळून, आणि आता माझा हात धरून केबलीव