ऋत्विकचा ब्रेक

१७ ऑगस्ट, रविवार
वाचनालयातून आणलेल्या मासिकात पोरांच्या मेंदूवर लेख आहे. दोनदा वाचला. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे ब्रेक, पंचविशीपर्यंत पक्का होत नाही म्हणे. अ‍ॅक्सिलेटर मात्र मिसरूड फुटायच्या आत तयार. त्यात दारू गेली की बघायलाच नको.
आमचा ऋत्विक सतरा वर्षांचा. आणि शनिवारी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कर. त्या दिवशी मोताळ्यात अर्धं गाव मटण शिजवतं आणि पूर्ण गाव पितं. हे गेले तोही करीचाच दिवस. मोटरसायकल नाल्यात गेली. रस्ता फार वाईट आहे तो.
ठरवलं. माझा मेंदू पन्नाशीचा, पूर्ण पिकलेला. तेव्हा पोराचा ब्रेक मीच. ओरडायचं नाही. विचार करून बोलायचं.

१८ ऑगस्ट
ओरडले. माझा दोष नाही. लेख वाचायला दिला तर त्यानं त्यावर चहाचा कप ठेवला. वर विचारतो, "आई, तू पुढचा ब्रेक का मागचा?" उद्यापासून शांत.

२० ऑगस्ट
मोटरसायकलची चावी ज्वारीच्या डब्यात तळाशी घातली. कोणालाही सांगितलं नाही. फक्त शेजारच्या बनाबाईला. ऋत्विकनं चावी मागितलीसुद्धा नाही. पद्धत लागू पडली.

२१ ऑगस्ट, दुपार
घात झाला. ऋत्विकच्या पिशवीत दारूची क्वार्टर! आत पिवळसर काहीतरी, वास डोक्यात जाणारा. लेखात लिहिलंय, अशा वेळी आधी दहा श्वास घ्यावेत. तिसऱ्या श्वासाला बाटली मोरीत रिकामी झाली होती.

संध्याकाळ
गल्लीतले कडूबा भाऊजी दारात. "वहिनी, पोराले बैलाच्या शिंगाचं वार्निश आणाले सांगतलं होतं. कुठी हाय?"
सुटं वार्निश न्यायला बाटली घरून न्यावी लागते. आणि भाऊजींच्या घरी रिकामी बाटली एकाच जातीची असते.

२२ ऑगस्ट, पोळा
दुकान बंद. भाऊजींकडे डब्यात उरलेलं वार्निश एकाच बैलाला पुरलं. तोरणाखाली पोरं ओरडत होती, "कडूबा, दुसऱ्याचा मेकप काऊन राह्यला बे?" भाऊजींनी भर पोळ्यात माझ्याकडे बोट दाखवलं.
पण एक सिद्ध झालं. माझं पोरगं निर्मळ आहे. पाळत बंद. बैल पूजायला जमलेल्या बायांना मी लेख समजावून सांगितला. घरात ब्रेक असला की पोर बिघडत नाही, म्हटलं. बनाबाई पदरात तोंड घालून हसली. तिला मेंदूचं कळत नाही.

२३ ऑगस्ट, कर, सकाळ
ऋत्विक मित्रांबरोबर नाल्यापलीकडे गणेशच्या मळ्यात गेला. फक्त कोल्ड्रिंक असणार म्हणाला. लगेच हो म्हटलं. अंगणात मोटरसायकल दिसत नाही. भाऊजींनी सरकवली असेल, बैलांना जागा लागते.

संध्याकाळ
पायी आला. चपला चिखलानं जड झालेल्या. तोंडाला वास. वार्निशाचा नव्हे.
एकही श्वास न घेता मी हात उगारला. त्यानं खिशातून चावी काढली आणि त्या हातात ठेवली. गजानन महाराजांचा बिल्ला असलेली, यांच्या खिशातली. मी ती यांच्या कपड्यांबरोबर पेटीत ठेवली होती. ज्वारीच्या डब्यात लपवली ती जादाची.
म्हणाला, "घेतली आई. दोन घोट. मंग गाडी तिथंच ठेवली. बाबा आठवले."
हात वरच राहिला, चावीसकट. लेखात पुढचं काही नाही.
जेवताना मी सहज विचारलं, रस्ता कसा आहे रे नाल्यापाशी?
त्यानं भाकरी कुस्करली. मग हळूच म्हणाला, "चांगला हाय आई. तवाही चांगलाच होता."