नानांचा बिनविजेचा डबा

३ फेब्रुवारी

गेला! प्रीअँप गेला — आवाज कमी-जास्त करायचं माझं मशीन. ऐन सतारीच्या आलापात — फट्ट! आणि जळका वास. स्पीकर चालवणारा पॉवर अँप वाचला, नशीब. दुरुस्तीवाला म्हणाला, "भाग जळगावात काय, कुठंच मिळणार नाही."

संघमित्रा म्हणाली, "मी नानांना बोलावते." माझे सासरे. शिरपूरला चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले त्यांनी. पण हा काय रेडिओ आहे?

६ फेब्रुवारी

नाना आले. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला काही सुचत नाही. चहा पितो, खिडकीबाहेर बघतो.

त्यांनी प्रीअँप उघडला, वास घेतला, झाकण लावलं. "सीडी प्लेयरना आवाज दमदार शे. मंग आखो कसाले वाढावाना? कमी करानं बटन बस!" म्हणजे आणखी वाढवायचा कशाला, कमी करायचं बटण पुरे.

८ फेब्रुवारी

डबा तयार! स्टीलचा — नानांनी लाडू आणले होते तोच. आत आवाजाचं एक बटण, मागे सॉकेटं. विजेची वायरच नाही. याला पॅसिव्ह प्रीअँप म्हणतात हे माहीत होतं मला. आजवर नाक मुरडत आलो.

लावला. काय सांगू! मागची ती घरघर — नाहीच! वादकाचं बोट तारेवरून सरकतं, तेही ऐकू आलं. हीच सीडी सहा वर्षं ऐकतोय मी!

९ फेब्रुवारी

आवाज किंचित बोथट वाटत होता. नानांनी डब्यापासून पॉवर अँपपर्यंतची माझी पाच मीटरची वायर कापून अर्ध्या मीटरची केली. धार आली. काय हात आहेत या माणसाचे!

११ फेब्रुवारी

एक खोट काढलीच मी — डावी बाजू कमी येते. नानांचा चेहरा उतरला. "मन्हाच बटनमा खोट व्हई."

तारांची अदलाबदल केली. तरी डावीच कमी. स्पीकर इकडचे तिकडे केले. तरी डावीच! मग म्हणाले, "खुर्ची फिरवा. पाठ करीसन बठा."

बसलो. आता उजवा स्पीकर माझ्या डाव्या हाताला.

"आते कोणती बाजू कमी शे?"

"डावीच."

नानांनी संघमित्राला बसवलं. "मला दोन्ही सारखे," ती म्हणाली. मग जरा थांबून — "जुन्या मशीनचं बॅलन्सचं बटण तुम्ही डावीकडे फिरवून ठेवायचात. मला वाटायचं, तुम्हाला तसंच आवडतं."

खरंच. वर्षभर थोडं थोडं फिरवत होतो. या डब्याला ते बटणच नाही.

१२ फेब्रुवारी

उठलो तर नाना चप्पल घालून दारात उभे. कानाच्या डॉक्टरांकडे तेच घेऊन गेले. डाव्या कानाला निम्म्याहून कमी ऐकू येतं. एमआरआय सांगितलाय.

घरी आल्यावर पुन्हा सतार लावली. एवढं स्वच्छ वाजतंय! मी उगाच डब्याला नावं ठेवली. नानांना तसं म्हणालो. "डबाले काय कळस," म्हणाले आणि माझ्याशेजारी बसून शेवटपर्यंत ऐकलं.

१५ फेब्रुवारी

डाव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. बहुधा साधीच — पण काढावी लागेल. कान राहील का, सांगता येत नाही. "लवकर आलात," डॉक्टर म्हणाले.

नाना आज शिरपूरला जाणार होते. गेले नाहीत.